अंग आंबलं, उसण भरली, मान अवघडली: कोणत्या दुखण्यावर काय लावायचं आणि कसं

मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहिलं की दिवसातून दहा वेळा एकच मागणी ऐकू येते, ‘दुखण्यावरची ट्यूब द्या.’ काय दुखतंय, कधीपासून दुखतंय, आधी काय लावलंय, असं विचारलं की समोरचा माणूस गोंधळतो. मग हळूहळू कळतं, की काल संध्याकाळी बाम चोळला, रात्री त्यावरच गरम पाण्याची पिशवी ठेवली, सकाळी कातडी लालबुंद झाली आणि दुखणं तसंच आहे. दुसरा कोणी सांगतो, महिन्यापूर्वी नेलेलं ३० ग्रॅमचं जेल अजून अर्धं शिल्लक आहे, पण ‘त्याचा काही उपयोग होत नाही’. या दोन्ही तक्रारी मला नेहमी ऐकाव्या लागतात आणि दोन्ही टाळता येतात. म्हणून हा सगळा क्रम लिहून काढला आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच पार करा. ट्यूब हातात घेण्याआधीचे तीन टप्पे कंटाळवाणे वाटतील, पण बहुतेकांची चूक तिथेच होते.

## टप्पा १: दुखण्याला त्याच्या नावाने ओळखा

आपल्या आजी-आजोबांनी या दुखण्यांना वेगवेगळी नावं दिली, ती उगीच नाही. प्रत्येक नावामागे शरीरात वेगळं काहीतरी झालेलं असतं, आणि उपायही वेगळा लागतो.

अंग आंबणं. सवय नसताना गड चढून-उतरून आलात, जिममध्ये पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारल्या, दिवसभर वाकून भातलावणी केली. त्या दिवशी फारसं काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मात्र कठडा धरावा लागतो. हे दुखणं साधारण १२ ते २४ तासांनी सुरू होतं, २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वांत जास्त असतं आणि आठवड्याभरात आपोआप जातं. गड चढण्यापेक्षा उतरण्याने मांड्या जास्त आंबतात, कारण उतरताना स्नायू एकीकडे ताणला जात असतो आणि त्याच वेळी अंगाचं वजनही पेलत असतो. त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. ‘लॅक्टिक ॲसिड साचलं’ असं जिममध्ये सांगतात, ते बरोबर नाही. ते व्यायाम थांबल्यावर तासाभरात ओसरतं, दुखणं सुरू होतं दुसऱ्या दिवशी.

मान अवघडणं, पाठ आखडणं. उंच उशी, दिवसभर लॅपटॉप, एस.टी.त मान टाकून काढलेली झोप. स्नायू आवळून बसलेला असतो. सूज नसते, डाग नसतो, ठरावीक बाजूला वळलं की ओढ बसते.

उसण भरणं. वाकून बादली उचलली आणि कमरेत अशी कळ आली की सरळ होता येईना. स्नायू एकदम आकसून घट्ट धरून बसतो.

लचक, मुरगळणं. पाय वाकडा पडतो, घोट्याजवळचे बंध ताणले जातात आणि थोड्या वेळात सूज येते.

मुका मार. कातडी फाटत नाही, पण आत बारीक रक्तवाहिन्या फुटतात. जागा सुजते आणि काळीनिळी पडते.

गोळा येणं. रात्री पोटरीला येणारा गोळा काही मिनिटांत सुटतो. पाय सरळ करून पंजा स्वतःकडे ओढा, तेवढं पुरतं. ट्यूबचं झाकण उघडेपर्यंत गोळा गेलेला असतो. वारंवार येत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

*इथे तपासा:* चार गोष्टींची उत्तरं तुमच्याकडे हवीत. दुखण्याचं नाव काय? किती तास किंवा दिवस झाले? सूज किंवा डाग आहे का? हात लावल्यावर ती जागा दुसऱ्या बाजूपेक्षा गरम लागते का?

## टप्पा २: ज्या दुखण्यावर काहीही चोळायचं नाही

हा टप्पा लोक सगळ्यात जास्त गाळतात. पुढचं काही जुळत असेल तर ट्यूब बाजूला ठेवा.

- एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, गरम लागते. लांबचा प्रवास, ऑपरेशन, बाळंतपण किंवा प्लास्टर यानंतर असं झालं तर आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अशी पोटरी चोळू नका, शेकू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. सोबत दम लागला तर थेट रुग्णालयात.
- डावा खांदा, दंड, जबडा किंवा दोन खांद्यांमधली पाठ दुखते आणि घाम फुटतो, छाती दाटते, मळमळतं. बाम चोळत तासभर वाट पाहणारी माणसं मी पाहिली आहेत. अशा वेळी १०८ ला फोन करायचा.
- अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग, टोचणी, कपड्याचा स्पर्शही सहन होत नाही. ही नागीण असू शकते. पुरळ दिसण्याआधी दोन-तीन दिवस नुसती आग होते आणि लोक ती ‘पाठ भरली’ समजून बाम चोळतात. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झालं तर चांगला फायदा होतो, म्हणून वेळ दवडू नका.
- कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, जांघेत बधिरपणा, पाय लुळे वाटणं. तातडीने रुग्णालय.
- जबर व्यायामानंतर अंग विलक्षण दुखतंय आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली. स्नायू मोठ्या प्रमाणात तुटले की त्यातला घटक मूत्रपिंडाला इजा करतो. हे अंग आंबणं नव्हे.
- तापाबरोबर मान ताठ होणं, किंवा मार लागल्यावर त्या पायावर वजनच टाकता न येणं.

अजून एक. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, म्हणजे स्टॅटिन, सुरू झाल्यावर दोन्ही मांड्या किंवा दोन्ही खांदे दुखायला लागले असतील तर ते डॉक्टरांना सांगा. गोळी मनाने बंद करू नका आणि ट्यूबवर महिने काढू नका.

## टप्पा ३: आपले आजार आणि चालू गोळ्या आठवा

‘बाहेरूनच तर लावायचं’ हे वाक्य फसवं आहे. कातडीतून औषध रक्तात जातं, थोडं का होईना. डायक्लोफेनॅक या सूज उतरवणाऱ्या औषधाचं जेल लावलं तर गोळीच्या मानाने साधारण ६ टक्केच औषध रक्तात पोहोचतं. म्हणूनच ते पोटाला सोपं जातं. पण पुढच्या लोकांनी आधी विचारायचंच:

रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेले. वॉरफेरिन ही अशीच गोळी. ती घेणाऱ्यांनी मिथाइल सॅलिसिलेट (ऊब देणारा घटक) असलेला बाम रोज मोठ्या भागावर चोळला तर रक्त आणखी पातळ होऊन रक्तस्रावाचा धोका वाढतो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गुडघ्याला प्रेमाने बाम चोळून देण्याआधी त्यांच्या गोळ्यांचा डबा बघा.

ॲस्पिरिन किंवा दुखण्याच्या गोळीने दमा उठणारे, अंगावर पित्त उठणारे. सॅलिसिलेट आणि डायक्लोफेनॅक दोन्हींनी त्यांना तसाच त्रास होऊ शकतो.

मूत्रपिंडाचा आजार, पोटात अल्सर. दुखण्याची गोळी पोटात आणि जेल बाहेरून असं दुहेरी तर अजिबात नको.

गर्भवती. डायक्लोफेनॅक, सॅलिसिलेट, थायोकोल्चिकोसाइड (आखडलेला स्नायू सैल करणारं औषध) यातलं काहीही आपल्या मनाने नको. पाचव्या महिन्यापासून तर दुखण्याच्या औषधांचा हा वर्ग बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करू शकतो. साधं कोमट शेकणं आणि नुसतं तेल पुष्कळदा पुरतं. अंगावर पाजणाऱ्या आईने छातीच्या आसपास काही लावू नये.

मधुमेहाने पाय बधिर झालेले. त्यांना भाजल्याचं कळत नाही. त्यांच्या पायावर गरम पिशवी, वाळूचा शेक किंवा उष्ण बाम नको.

मुलं. १२ वर्षांखालच्या मुलांना या ट्यूब डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कापूर आणि मेन्थॉल दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकाजवळ किंवा छातीवर कधीच नको. कापूर पोटात गेला तर मुलाला झटके येऊ शकतात.

## टप्पा ४: ट्यूबची मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूला धावणारा माणूस आणि लाल रंगाची कंबर असते. कामाचं सगळं मागे, बारीक अक्षरात आहे. मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा.

घटक मुळात तीन-चार घराण्यांतलेच असतात.

ऊब आणि थंडावा देणारे: मेन्थॉल, मिथाइल सॅलिसिलेट, कापूर, निलगिरी तेल, टर्पेंटाइन. हे स्नायू बरा करत नाहीत. ते कातडीतल्या थंड-गरम ओळखणाऱ्या नसांना जागं करतात आणि त्या गडबडीत आतल्या दुखण्याचा निरोप मेंदूला कमी पोहोचतो. आराम लगेच वाटतो आणि दोन-तीन तासांत ओसरतो. आखडलेल्या मानेला तेवढी मोकळीक मिळाली तर ती हलवता येते, आणि खरा फायदा त्या हलवण्याचा असतो.

सूज उतरवणारे: डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, केटोप्रोफेन, पिरॉक्सिकॅम. हे लावल्या लावल्या काही जाणवत नाही. दिवसातून तीन-चार वेळा, दोन-तीन दिवस लावल्यावर फरक पडतो. लचक, मुका मार, गुडघा, मनगट, म्हणजे जिथे दुखरा भाग कातडीच्या जवळ आहे, तिथे हे उत्तम. खुब्याच्या किंवा कमरेच्या खोल स्नायूंपर्यंत ते फारसं पोहोचत नाही.

मिरचीतलं कॅप्सेसिन. सुरुवातीला आग होते. रोज न चुकता दोन ते चार आठवडे लावल्यावर दुखऱ्या नसा शांत होतात. आजच्या लचकेला निरुपयोगी, जुन्या दुखण्याला कधी उपयोगी.

बधिर करणारं लिडोकेन. पट्टीच्या रूपात मिळतं. पट्टी किती तास ठेवायची ते पाकिटावर असतं. त्याहून जास्त नाही, आणि एकावर एक पट्ट्या नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आयुर्वेदिक ट्यूबवर गंधपुरा तेल लिहिलेलं असतं. गंधपुरा तेल म्हणजे जवळजवळ पूर्णपणे मिथाइल सॅलिसिलेटच. पुदिना सत्त्व किंवा ‘पुदिन्याचे फूल’ म्हणजे मेन्थॉल. कर्पूर म्हणजे कापूर. तारपीन म्हणजे टर्पेंटाइन. म्हणजे सकाळी ॲलोपॅथीचं जेल आणि रात्री ‘साइड इफेक्ट नसलेला’ आयुर्वेदिक बाम लावणारा माणूस पुष्कळदा तेच औषध दोनदा लावत असतो, आणि त्याला ते ठाऊकही नसतं.

आपल्याकडच्या बऱ्याच जेलवर एकाच वेळी डायक्लोफेनॅक डायइथाइलअमाइन १.१६ टक्के, मिथाइल सॅलिसिलेट १० टक्के, मेन्थॉल ५ टक्के आणि जवसाचं तेल असं लिहिलेलं असतं. म्हणजे एका ट्यूबमध्ये दोन घराणी. लावल्यावर लगेच गार वाटतं ते मेन्थॉलमुळे, सूज उतरते ती डायक्लोफेनॅकने. थंडावा ओसरला म्हणजे औषध संपलं असं समजून लगेच दुसरा थर देऊ नका.

*सावधान:* एकाच नावाचं जेल, स्प्रे आणि बाम यांत घटक एकसारखेच असतील असं नाही. ‘मागच्या वेळचंच द्या’ म्हणताना जुनं खोकं दाखवा.

## टप्पा ५: दुखणं आणि उपाय यांची जोडी लावा

लचक आणि मुका मार, पहिले ४८ तास: बर्फ. कपड्यात गुंडाळून १० ते १५ मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. थेट कातडीवर बर्फ नाही. पट्टी बांधा, पण फार घट्ट नको, आणि पाय उशीवर उंच ठेवा. सोबत डायक्लोफेनॅकचं साधं जेल हलक्या हाताने पसरा. इथे गरम शेक नको, उष्ण बाम नको आणि मालीश तर मुळीच नको. आत रक्त साचलेल्या जागेला चोळलं तर सूज वाढते. मांडीला जबर मुका मार बसलेला असताना जोरात मालीश केली तर पुढे त्या स्नायूत हाडासारखा कठीण भाग तयार होऊ शकतो. कबड्डी आणि फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे लक्षात ठेवा, कारण मैदानावर मालीश करायला हौशी हात नेहमी तयार असतात.

आंबेहळद-तुरटीचा लेप सुजेवर लावायची आपल्याकडे पद्धत आहे. कातडी अखंड असेल तर कोमट लेपाला हरकत नाही. मात्र लेप वाळल्यावर खरवडून काढू नका, ओला करून काढा, आणि त्याच जागी त्याच दिवशी ट्यूब नको.

अवघडलेली मान, आखडलेली पाठ: आधी शेक, मग हालचाल. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून १५ मिनिटं. पिशवीत उकळतं पाणी भरायचं नाही. तव्यावर गरम केलेल्या खडेमिठाची किंवा ओव्याची पुरचुंडीही चालते, पण आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा. शेक झाल्यावर मान हळूहळू दोन्हीकडे वळवा. आराम हवाच असेल तर बाम, पण शेक संपल्यावर निदान अर्ध्या तासाने.

उसण: पहिल्या दिवशी ज्याने बरं वाटतं ते, बहुतेकांना शेकानेच वाटतं. उष्ण बाम चालतो. पलंगावर तीन दिवस पडून राहणं मात्र चालत नाही. दुखण्याच्या मर्यादेत चालत-फिरत राहिलेली कंबर लवकर सुटते.

आंबलेलं अंग: खरं तर इथे फार काही लावायची गरज नसते. कोमट पाण्याची अंघोळ, हलकं चालणं, तिळाच्या किंवा खोबरेल तेलाने हलकी मालीश. महानारायण तेल घरात असेल तर तेही चालेल. मला विचाराल तर यात निम्म्याहून जास्त गुण चोळणाऱ्या हाताचा आणि उबेचा असतो. संपूर्ण अंगाला बाम फासू नका. पाठ, दोन्ही मांड्या आणि दोन्ही पोटऱ्या मिळून झालेलं क्षेत्र मोठं असतं, आणि तेवढ्या कातडीतून बरंच सॅलिसिलेट आत जातं. आषाढी वारीत रोज चालणारे किंवा सलग दोन-तीन गड करणारे नेमके हेच करतात. एकच सर्वांत दुखरी जागा निवडा.

विषगर्भ तेल: नावातच सांगून ठेवलंय. यात विषारी वनस्पती असतात. वैद्यांनी सांगितलं असेल तरच, अखंड कातडीवरच आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवून.

घरी केलेलं कापूर-तेल: पूजेचा कापूर खोबरेल तेलात विरघळवून चोळायची पद्धत घरोघरी आहे. पूजेचा कापूर अंगाला लावण्यासाठी बनवलेला नसतो आणि तेलात तो किती झाला याचं मापही राहत नाही. त्यापेक्षा प्रमाण छापलेली बाटली घ्या.

*इथे तपासा:* उपाय एकच निवडलात ना? एका जागी, एका वेळी, एकच गोष्ट. दोन लावल्या आणि पुरळ आलं तर कशाने आलं हेही कळत नाही.

## टप्पा ६: कातडी तयार करा

आदल्या दिवशी चाचणी घ्या. कोपराच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढं लावून ठेवा. अर्ध्या तासात जबर आग झाली किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत खाज, पुरळ आलं तर ती ट्यूब तुमच्यासाठी नाही. फारच दुखत असेल आणि एक दिवस थांबणं शक्य नसेल तर निदान अर्धा तास तरी थांबा.

लावायची जागा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा. घाम, आधी लावलेलं तेल, क्रीम, पावडर, सगळं निघालं पाहिजे. तेलाच्या थरावर जेल लावलं तर ते नीट आत शिरत नाही.

गरम पाण्याने अंघोळ केल्या केल्या लावू नका. कातडी तापलेली असताना रक्तपुरवठा वाढलेला असतो, औषध भसकन आत जातं आणि आग होते. अंग नेहमीसारखं गार होऊ द्या. नुकतंच वॅक्सिंग किंवा दाढी केलेली जागा, खरचटलेली, गजकर्ण किंवा घामोळं असलेली जागा वर्ज्य.

## टप्पा ७: मोजून लावा

इथे लोक अगदी उलटं करतात. जेल कंजुषीने लावतात आणि बाम सढळ हाताने.

जेलचं माप: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत ट्यूबमधून सरळ रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतं. गुडघा, घोटा किंवा खांदा अशा एका जागेला एका वेळी २ ग्रॅम लागतं, म्हणजे चार पेरं. दिवसातून तीनदा लावलं तर ६ ग्रॅम झालं. ३० ग्रॅमची ट्यूब पाच दिवसांत संपायला हवी. हा हिशेब सांगितला की लोक चपापतात, कारण त्यांची ट्यूब दोन महिने चालते. नखाएवढं जेल बोटावर घेऊन मोठ्या गुडघ्यावर फिरवलं तर त्यातून काय मिळणार? परवडत नसेल तर निम्म्या मापाने महिनाभर लावू नका, पूर्ण मापाने पाच दिवस लावा.

बामचं माप: वाटाण्याएवढा. पातळ थर. दिवसातून तीन-चार वेळांहून जास्त नाही.

लावायची पद्धत: जेल पसरून हलक्या हाताने, ते चिकट राहणार नाही इतपत जिरवा. सुजलेल्या जागेवर दाब देऊ नका. बाम आखडलेल्या स्नायूवर गोल-गोल मिनिटभर फिरवा. स्प्रे असेल तर बाटलीवर लिहिलेलं अंतर ठेवा, एकाच जागी धरून ठेवू नका, चेहऱ्याजवळ वापरू नका. देवघरातला दिवा, उदबत्ती, गॅसची शेगडी जवळ असताना स्प्रे मारू नका, तो पेट घेतो.

लगेच साबणाने दोन वेळा हात धुवा. कॅप्सेसिन असेल तर हाताला आधी खोबरेल तेल चोळून मग साबण लावा, मिरचीचा ठेचा वाटल्यावर बायका करतात तसं. डोळ्यात हात गेला तर भरपूर पाण्याने डोळे धुवा. दुखरा भाग हाताचाच असेल तर जेल लावल्यावर निदान तासभर हात धुऊ नका.

## टप्पा ८: लावल्यानंतरचे काही तास

सर्वांत जास्त भाजल्याचे प्रकार इथे होतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये दुखण्याच्या अशा मलमांमुळे कातडी भाजल्याच्या ४३ घटनांचा हवाला देऊन लोकांना सावध केलं होतं. त्यातली बहुतेक मलमं मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेटची होती, मेन्थॉल ३ टक्क्यांहून किंवा मिथाइल सॅलिसिलेट १० टक्क्यांहून जास्त असलेली. आपल्याकडच्या ट्यूबवर मेन्थॉल ५ टक्के अगदी नेहमीचं आहे, हे वर पाहिलंच. तेव्हा:

- बामवर गरम पिशवी नाही, विजेचं गरम होणारं पॅड नाही, लाल दिव्याचा शेक नाही.
- वर प्लास्टिक नाही, घट्ट क्रेप बँडेज नाही, कमरेचा पट्टा नाही. पट्टा वापरायचाच असेल तर बाम नको.
- लावून लगेच धावायला, खेळायला, शेतात उन्हात जाऊ नका. तापलेल्या, घामेजल्या अंगात सॅलिसिलेट जास्त शोषलं जातं. ‘वॉर्म-अप’ म्हणून बाम चोळून मैदानात उतरणं ही चूकच आहे.
- केटोप्रोफेन लावलेली जागा उन्हापासून झाका, आणि औषध बंद केल्यावरही दोन आठवडे झाकत राहा. उन्हाने तिथे फोड येऊ शकतात.
- जेल लावल्यावर निदान तासभर अंघोळ नाही.

सौम्य ऊब किंवा गारवा ठीक. आग सहन होत नाही, फोड आला, कातडी पांढरी किंवा जांभळी पडली तर लगेच साबण आणि गार पाण्याने धुऊन टाका. फोड फोडू नका, त्यावर टूथपेस्ट लावू नका, डॉक्टरांना दाखवा. ‘आग होतेय म्हणजे काम करतंय’ ही समजूत मनातून काढून टाका.

कानात आवाज येणं, गरगरणं, दम लागणं ही सॅलिसिलेट अंगात जास्त गेल्याची लक्षणं असू शकतात. सगळं धुवा आणि त्वरित रुग्णालयात जा.

## टप्पा ९: दिवस मोजा

ट्यूब उघडलेल्या दिवसाची तारीख खोक्यावर पेनाने लिहा.

तिसऱ्या दिवशी: थोडा तरी फरक पडला का? लचकेची सूज उतरतेय का? नसेल तर ट्यूब बदलू नका, आधी टप्पा १ आणि २ पुन्हा वाचा. पुष्कळदा नावच चुकलेलं असतं. खांदा ‘अवघडला’ म्हणून शेकत बसलेल्या माणसाचा हातच वर जात नसतो, आणि ते दुखणं स्नायूचं नसून सांध्याचं असतं.

सातव्या दिवशी: बाम असो वा जेल, दुखणं कायम असेल तर थांबा आणि डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा. जाताना ट्यूब सोबत न्या. ‘ती निळी ट्यूब’ एवढ्यावरून त्यांना काही कळत नाही.

बरं वाटल्यावर: बंद करा. सवय म्हणून झोपताना रोज बाम चोळणारी माणसं खूप आहेत, आणि त्यांची कातडी हळूहळू काळी, कोरडी आणि खाजरी होते.

ठेवण्याबद्दल एकच, पण ते आजच करा. गंधपुरा तेलाची छोटी बाटली घरात असेल तर ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कुलपात ठेवा. त्यातल्या एका चहाच्या चमच्यात, म्हणजे ५ मिली तेलात, सुमारे ७ ग्रॅम सॅलिसिलेट असतं. ३२५ मिलिग्रॅमच्या ॲस्पिरिनच्या वीसहून जास्त गोळ्या एकदम गिळल्यासारखं आहे ते. वास गोड येतो, आणि लहान मूल ते तोंडाला लावतं. तसं झालं तर उलटी काढत बसू नका, बाटली उचला आणि मुलाला घेऊन रुग्णालयात पळा.